‘थांब, मी गूगल करतो’: रहस्याच्या खेळात इंटरनेटने किती सांगावं?

आजच्या पुण्यात घडणारी एखादी रहस्यकथा टेबलावर खेळायला घ्या. सदाशिव पेठेतल्या वाड्याचा मालक तीन आठवडे बेपत्ता आहे. दाराला कुलूप, पत्रपेटीत साठलेली वीजबिलं, शेजारच्या काकूंचं अर्धवट तोडलेलं बोलणं, असं सगळं खेळ चालवणाऱ्याने रंगवून सांगितलेलं असतं. तेवढ्यात एक खेळाडू म्हणतो, "थांब, मी त्याचं नाव गूगल करतो."

मागणी रास्तच आहे. खऱ्या आयुष्यात आपणही आधी तेच करू. तरी इथे भलेभले अडतात. सगळं सांगून टाकलं तर रहस्य तिथेच संपतं, आणि "काही सापडलं नाही" म्हटलं तर कोणालाच पटत नाही. नव्याने खेळ चालवायला घेणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. त्याचं उत्तर खेळाच्या नियमांपेक्षा खरी माहिती कुठे नोंदवली जाते, याच्याशी जास्त निगडित आहे.

खेळ कसा चालतो, थोडक्यात

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण एकत्र बसून, बोलत बोलत एक गोष्ट घडवतात. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं. कोणी पत्रकार, कोणी निवृत्त तलाठी, कोणी कॉलेजात शिकणारी मुलगी. एक जण जीएम, म्हणजे गेम मास्टर. उरलेलं जग, त्यातली माणसं आणि त्यांची गुपितं त्याच्या हातात असतात. पुढे काय होईल हे ठरलेलं नसतं तिथे फासे टाकतात, त्याला रोल म्हणतात.

१९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा भर होता भुयारं, खजिने आणि राक्षसांवर. १९८१ मध्ये कॉल ऑफ कथुल्हू आला आणि कागदपत्रं धुंडाळणं हाच खेळाचा गाभा झाला. त्यात ‘लायब्ररी यूज’ नावाचं एक कौशल्य आहे. जुन्या आवृत्त्यांत त्याच्या एका प्रयत्नाला गोष्टीतले साधारण चार तास लागतात.

हे चार तास फार महत्त्वाचे आहेत. तेवढ्यात बाहेर अंधार पडतो, संशयित गावाबाहेर निघून जातो, दुसरा खेळाडू एकटाच वाड्यात शिरतो. माहिती मिळते, पण तिच्यासाठी काहीतरी द्यावं लागतं. फोन आला आणि चार तासांचे चार सेकंद झाले. माहितीची किंमतच गेली, आणि जीएमच्या हातातलं सगळ्यात जुनं हत्यारही गेलं.

रोल फसला की माहिती गायब होते का?

पूर्वीपासूनची पद्धत अशी: खेळाडूने शोधलं, रोल टाकला, आकडा कमी आला, काही सापडलं नाही. यात दोन अडचणी आहेत. सापडायची गोष्ट पुढच्या प्रसंगासाठी लागणार असेल तर अख्खा सेशन तिथेच अडकतो. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि शेवटी जीएमच कुठूनतरी तीच माहिती आणून टाकतो. दुसरी अडचण मला जास्त खटकते. एखाद्या बिल्डरची कंपनी सरकारी नोंदीत असेल तर ती असते, नसेल तर नसते. फाशावर तीन पडले म्हणून नोंद पुसली जात नाही.

यावर २००० नंतरच्या दशकात गमशू या खेळपद्धतीने सरळ तोडगा काढला. कॅरेक्टरकडे योग्य कौशल्य असेल आणि ते योग्य जागी शोधत असेल, तर मुख्य धागा मिळणारच, रोल नाही. कथुल्हूच्या २०१४ च्या सातव्या आवृत्तीत दुसरी सोय आहे. फसलेला रोल पुन्हा टाकता येतो, पण दुसऱ्यांदा फसला तर परिणाम वाईट होतो, आणि तो काय असू शकतो याचा अंदाज जीएम आधी देऊ शकतो.

मी या दोन्हींचा मेळ घालतो. माहिती नेटवर आहे की नाही हे फाशांवर सोडायचं नाही. ते जीएमने जगाकडे बघून ठरवायचं. फाशांनी ठरवायचं ते एवढंच, की ती मिळेपर्यंत किती वेळ गेला, किती खात्रीने मिळाली, आणि आपण शोधतोय हे कोणाला कळलं का.

इंटरनेट म्हणजे सोसायटीचा वॉचमन

आता ‘जगाकडे बघून’ म्हणजे काय? सोसायटीच्या गेटवर बसलेला वॉचमन डोळ्यांसमोर आणा. कोण कधी आलं, कोणती गाडी होती, कोणाकडे पार्सल आलं, हे त्याच्या वहीत असतं. बंद दाराआड काय बोलणं झालं ते त्याला माहीत नसतं. मागच्या बाजूच्या तुटक्या कंपाउंडमधून आलेला माणूस त्याच्या वहीत येत नाही. आणि एकाच फ्लॅटबद्दल तुम्ही फार चौकशा केल्या, तर संध्याकाळी तो त्या फ्लॅटवाल्यांना सांगतो, "साहेब, कोणीतरी तुमच्याबद्दल विचारत होतं."

ऑनलाइन शोध याच मर्यादांमध्ये चालतो. प्रत्येक माहितीबद्दल जीएमने स्वतःला विचारावं, की ही गोष्ट कोणीतरी, कुठल्यातरी कारणाने, गेटवर नोंदवली असती का? कायद्याने नोंदवावी लागली, पैसे मिळतात म्हणून नोंदवली, किंवा मिरवायचं होतं म्हणून टाकली. यांपैकी एकही कारण नसेल तर ती माहिती नेटवर नाही, आणि हे खेळाडूला निःशंक मनाने सांगता येतं.

वाड्याचं प्रकरण, कागदोकागदी

वरच्याच गोष्टीत हे लावून बघू. खेळाडू म्हणतो, "वाड्याचा सातबारा काढतो." महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबरने किंवा नावाने सातबारा बघता येतो हे खरं. पण पेठांचा भाग सिटी सर्व्हेत येतो. तिथे सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, म्हणजे मिळकत पत्रिका. टेबलावर ‘निवृत्त तलाठी’ असेल तर हे त्याला विचारायच्या आत सांगा. कौशल्याचं चीज होतं ते अशा जागी.

प्रॉपर्टी कार्डावर मालकांची नावं दिसतात. समजा, बेपत्ता गृहस्थांबरोबर आणखी दोन भावंडांची नावं आहेत. खेळाडू विचारतात, विक्री झाली का? आता नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा. तिथे ‘सूची दोन’ मिळते. सूची दोन म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा: दस्ताचा प्रकार, मोबदला, मिळकतीचं वर्णन, देणारा, घेणारा, तारीख. मात्र शोधताना वर्ष, गाव आणि मिळकतीचा नंबर भरावा लागतो. ज्याच्याकडे सिटी सर्व्हे नंबर नाही, त्याला इथे हात हलवत परत यावं लागतं. तो नंबर कुठून आणायचा हा आपोआप खेळातला पुढचा प्रश्न होतो.

नंबर मिळाला. बेपत्ता होण्याच्या आठ दिवस आधी बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र केलंय असं सूची दोनमध्ये दिसतं. दस्त हवेली तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात त्या सरकारी कचेरीत, नोंदवलाय. हा मोठा धागा आहे आणि तो बिनदिक्कत द्यावा. कारण सूची दोनमध्ये साक्षीदारांची नावं नसतात. ती मूळ दस्तात असतात, आणि त्यासाठी कार्यालयात जाऊन नक्कल काढावी लागते. तिथे रांग असते, बाहेर टेबल टाकून बसलेला स्टॅम्प वेंडर असतो, सगळ्यांना ओळखणारा एखादा एजंट असतो. नेटने खेळाडूंना खुर्चीतून उठवून बाहेर काढलं. मला शोधाकडून हेच हवं असतं.

आता वहीत न येणाऱ्या वाटा. त्या गृहस्थांनी बिल्डरशी साठेखत केलं, पण ते नुसतं नोटरीसमोर झालं, नोंदवलं नाही. ते सूची दोनमध्ये कधीच दिसणार नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते, आणि नोंदवलं असलं तरी करणारा हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाला त्याची नक्कल मिळत नाही. म्हणजे मृत्युपत्र शोधायला निघालेल्या खेळाडूला नक्कल मिळाली, तर ती नक्कल हीच एक भयंकर बातमी आहे. नोंदणीच्या कायद्यातला कोरडा तपशील असा गोष्टीत जीव ओततो, आणि तो खोटा नसल्यामुळे टेबलावर कोणी हरकत घेत नाही.

बिल्डरचं काय? कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर केंद्राच्या कंपनी खात्याच्या पोर्टलवर संचालक किंवा भागीदार आणि स्थापनेची तारीख दिसते, थोडी फी भरली की कागदपत्रंही बघता येतात. ‘अमुक असोसिएट्स’ ही साधी भागीदारी फर्म असेल तर ती त्या पोर्टलवर नाही. प्रकल्प महारेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदवलेला असेल तर जागेच्या तपशिलापासून आराखड्यापर्यंत बरंच काही उघडं असतं. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर महारेराची नोंदणी लागत नाही. पेठेतला अरुंद वाडा या सवलतीत अगदी सहज बसू शकतो. बिल्डर का सापडत नाही, याचं कायदेशीर आणि पटण्याजोगं कारण तुमच्या हातात आलं.

एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. खेळाआधी आपल्या गोष्टीतल्या दोन-तीन मुख्य गुपितांपुरतं बघून ठेवलं की पुरतं.

नावाचा गोंधळ ही खरी अडचण

पुण्यात ‘कुलकर्णी’ शोधणं म्हणजे काहीच न शोधण्यासारखं. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, पण न्यायालय आणि वर्ष निवडावं लागतं, आणि नाव मोघम असलं तर यादी संपता संपत नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार वेगळे. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात. वडिलांचं नाव कळलं की तीच यादी झर्रकन आकसते.

रोल टाकायची जागा ही. माहिती आहे, प्रश्न तिच्यापर्यंत पोचायचा आहे. चांगला रोल पडला तर दहा मिनिटांत नेमकी केस हाती येते. वाईट पडला तर संध्याकाळ जाते आणि एकाच नावाच्या दोन माणसांतला कोणता खरा हे कळत नाही. अशा वेळी जीएमने दोन्ही नावं समोर ठेवावीत. खेळाडूला गुपचूप चुकीच्या माणसामागे धाडायचं आणि सेशन संपताना "तो दुसराच होता" म्हणायचं, हा टेबलावरच्या माणसांवर अन्याय आहे. पडताळून बघायची एक तरी वाट खुली ठेवावीच.

जुनं पुणं नेटवर किती आहे?

जेवढं मागे जाल तेवढं कमी. पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतला फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. हस्तलिखित मोडी कागदाचं स्कॅन कुठे मिळालं, तरी ते चित्र असतं. त्यात शब्द टाकून शोध घेता येत नाही. ते वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि माणूस आला की त्याचा स्वभाव आला, त्याचा वेळ आला, त्याने परत मागितलेलं काम आलं. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकर संस्थेत एखादा जाणकार बसलेला असणं, हे कुठल्याही सर्च रिझल्टपेक्षा खेळायला मजेचं असतं.

कागदच नसण्याची कारणंही पुण्याने देऊन ठेवली आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांतल्या ट्रंका वाहून गेल्या. तुमच्या वाड्यातली १९६१ आधीची घरगुती कागदपत्रं ‘पुरात गेली’ असं काकूंनी सांगितलं तर ते कोणालाही पटेल. ती खरंच पुरात गेली की कोणी पुराचं निमित्त केलं, हे शोधण्यात दोन सेशन सहज निघतात.

अलीकडच्या काळाचीही गंमत आहे. गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ मध्ये नव्याने सुरू झाला, आणि पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. वाड्यासमोरचं दृश्य बघणाऱ्या खेळाडूला आजचा वाडा दिसत नाही, गाडी फिरली त्या दिवसाचा दिसतो. तेव्हा दिंडी दरवाजा शाबूत होता आणि आज तो नाही, एवढ्यावर एक धागा उभा राहतो.

"पण हॅक करता येईल की!"

येईल, पण तो शोध नव्हे. कोणाचे कॉल रेकॉर्ड, बँकेचं खातं, आधारचा तपशील, खासगी चॅट, हे शोधून सापडत नाही. त्यासाठी पोलिसांचा अधिकार, आतला माणूस किंवा गुन्हा लागतो. तिन्हींचे परिणाम असतात आणि ते खेळावेत. अनोळखी नंबरवर ट्रूकॉलरने दाखवलेलं नाव हे बरेचदा इतरांनी आपापल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं. तिथे ‘राजू प्लंबर’ दिसलं म्हणून तो प्लंबर असेलच असं नाही. खेळाडूला एवढंच सांगावं, की ‘राजू प्लंबर’ असं दिसतंय.

माग उरतो तोही असाच नेमकेपणाने वापरावा. सरकारी नोंद उघडून बघितली म्हणून मालकाला कळत नाही. लिंक्डइनवर प्रोफाइल बघितलं तर समोरच्याला कळू शकतं. इन्स्टाग्रामची स्टोरी बघितली तर बघणाऱ्यांच्या यादीत नाव येतं. ‘कॉलेजातली मुलगी’ आपल्याच खात्यावरून संशयिताच्या स्टोरी बघत बसली असेल, तर तिसऱ्या दिवशी तिला मेसेज येणं पूर्णपणे न्याय्य आहे.

"रोल नसेल तर कौशल्याला किंमत काय?"

हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. कॅरेक्टर बनवताना मिळालेले गुण ज्याने संशोधनाच्या कौशल्यावर घातले, त्याला तलवारबाजाइतकंच काहीतरी मिळायला हवं. ते मिळतं दोन जागी. एक म्हणजे त्याला कुठे बघायचं हे सांगितलं जातं. सिटी सर्व्हे आणि सातबारा यांतला फरक इतरांना कळणार नाही, त्याला कळेल. दुसरं म्हणजे सापडलेल्या कागदाचा अर्थ. हक्कसोडपत्र सगळ्यांनी वाचलं, पण मोबदल्याच्या रकान्यात शून्य असणं भावाबहिणीत नेहमीचं आहे आणि इथे मोठी रक्कम का आहे, हे त्याच्या लक्षात येतं. हा तपशील जीएमने थेट त्याच खेळाडूकडे बघून सांगावा.

"त्यापेक्षा १९८० सालची गोष्ट घेऊ, फोनच नको"

घ्यावी, छान होते. पण ती पळवाट म्हणून घेऊ नये. आजच्या पुण्यातलं रहस्य आजच्या माणसाला जास्त भिडतं, आणि माहितीचा पूर असतानाही माणूस बेपत्ता होऊ शकतो, ही धास्ती १९८० मध्ये मिळत नाही.

खेळाडूने खरोखरच फोन काढला तर?

खेळ सुरू व्हायच्या आधी एक नियम बोलून घ्यावा. सर्वसाधारण जगाबद्दलची माहिती खऱ्या फोनवर शोधली तर चालेल: कुठली बस कुठे जाते, एखादं औषध कशाचं आहे, दस्त कोण नोंदवतं. गोष्टीतल्या माणसांबद्दल आणि संस्थांबद्दल मात्र जीएम सांगेल तेच खरं. यामागे एक गंभीर कारण आहे. आपण खलनायकाला सहज एखादं पूर्ण नाव दिलं आणि खेळाडूने ते टाकलं, तर त्या नावाची खरी माणसं समोर येतात, त्यांचे फोटो, त्यांची कुटुंबं. त्यांचा आपल्या गोष्टीशी काही संबंध नाही. म्हणून खलनायकाच्या कंपनीचं नाव ठरवण्याआधी जीएमने ते स्वतः शोधून बघावं, आणि खरी फर्म निघाली तर बदलावं. खरा फोन नंबर किंवा खरा पत्ता टेबलावर कधीच आणू नये.

आणि एआयला विचारलं तर?

आता कॅरेक्टर गूगल करत नाही, चॅटबॉटला विचारतं: "या वाड्याचा मालक कुठे असेल?" नियम तोच लागू होतो. वहीत नसलेली गोष्ट त्यालाही माहीत नसते. फरक एवढाच, की माहिती नसतानाही तो ठाम उत्तर देऊ शकतो. म्हणून जीएमने त्याच्या उत्तरात उघड नोंदींचा नीटनेटका सारांश द्यावा, आणि एखादा तपशील चुकीचा द्यायचाच असेल तर तो कशावरून आला हे विचारायची संधी खेळाडूला द्यावी. "याचा आधार काय?" असं खेळाडूने विचारलं आणि चॅटबॉटने दिलेल्या दस्त क्रमांकाचा दस्त ई-सर्चवर सापडलाच नाही, तर तो तपशील खोटा असण्याचा दाट संशय घ्यायला खेळाडू मोकळा आहे. पण नोंदवलेला दस्त शोधताना वर्ष किंवा गाव चुकलं तरी तो दिसत नाही. तेव्हा हवेलीच्या कार्यालयात तो क्रमांक घेऊन जायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.